फ्रान्सच्या तलवारबाज मुली आणि मस्केटिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या शतकातला फ्रान्स, टोपीत पीस, कमरेला तलवार आणि घोड्यावर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. अशा साहसकथा घरातले सगळे मिळून वाचतात, बघतात आणि मग प्रश्न सुरू होतात. मुलं थेट विचारतात, "हे खरं होतं का?" आईबाबा जरा आडवळणानं विचारतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मस्केटिअर म्हणजे नेमके कोण? सैनिक, पोलीस की राजाचे बॉडीगार्ड?

राजाच्या खास रक्षक दलातले घोडेस्वार. १६२२ मध्ये तेराव्या लुईने हलक्या घोडेस्वारांच्या एका तुकडीला मस्केट, म्हणजे लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका, दिल्या आणि ही तुकडी उभी राहिली. घोड्यावरून लढायचं, गरज पडली तर उतरून पायदळासारखं लढायचं आणि राजा बाहेर पडला की सोबत राहायचं, अशी तिहेरी कामगिरी. अंगावर निळा झगा आणि त्यावर रुपेरी क्रूस. भरती मुख्यतः लहानसहान सरदार घराण्यांतल्या तरुणांची. त्यातही दक्षिणेकडच्या गॅस्कनी आणि बेआर्न भागातले पुष्कळ. तिकडे घराण्याचं नाव मोठं आणि जमीन थोडी, त्यामुळे धाकट्या मुलांना पॅरिसची वाट धरावीच लागे.

पुढे दोन तुकड्या झाल्या. घोड्यांच्या रंगावरून एक राखाडी म्हणून ओळखली जाई, दुसरी काळी. १७७६ मध्ये खर्च झेपेना म्हणून दोन्ही बरखास्त झाल्या. नंतर थोडा काळ पुन्हा उभ्या राहिल्या आणि १८१६ मध्ये कायमच्या बंद झाल्या.

२. मुलगी कधी मस्केटिअर झाली होती का?

नाही. या तुकड्यांत बाई असल्याची कुठलीही नोंद नाही. भरतीला घराण्याची ओळख लागे, कुणा वरिष्ठाची शिफारस लागे. म्हणजे पोराचा बाप कोण, काका कोण, हे तिथल्या निम्म्या लोकांना आधीच ठाऊक. खोटं नाव सांगून आत शिरणं पायदळात जमलं असतं, इथे फार कठीण.

पण एवढ्यावर "म्हणजे सगळं काल्पनिकच" असं म्हणून पुस्तक मिटू नका. मस्केटिअर झालेली मुलगी खोटी, तलवार चालवणारी मुलगी खरी. त्या काळच्या फ्रान्समध्ये हातात शस्त्र घेतलेल्या बायका होत्या, त्यांची नावं माहीत आहेत आणि त्यांतल्या काहींची आयुष्यं कादंबरीपेक्षा जास्त धडाकेबाज आहेत. फक्त त्या राजाच्या रक्षक दलाच्या दारातून आत आल्या नाहीत. कुणाचा बाप राजाच्या तबेल्याच्या कारभारात होता, कुणाचा नवरा लढाईवर गेला होता आणि वाडा सांभाळायला मागे दुसरं कुणी नव्हतं.

३. मग त्या खऱ्या बायका कोण?

पहिली आलबेर्त-बार्ब दॅर्नकूर, म्हणजे मादाम द सँ-बालमाँ (१६०७ ते १६६०). लॉरेन प्रांतातली. तीस वर्षांच्या युद्धात हा प्रांत अक्षरशः लुटला गेला. आज एकाची फौज, उद्या दुसऱ्याची, आणि मधल्या दिवशी नुसतेच लुटारू. नवरा लॉरेनच्या ड्यूकच्या चाकरीत दूर. बाईंनी पुरुषी कपडे चढवले, घोड्यावर बसल्या आणि गावातल्या माणसांना हाताशी धरून आपला मुलूख राखला. आसपासचे लोक गुरंढोरं घेऊन त्यांच्या आश्रयाला येत. घोडदळातल्या एका अधिकाऱ्याने उद्धटपणा केला, तेव्हा त्यांनी पुरुषाच्या नावानं त्याला द्वंद्वाचं आव्हान पाठवलं, त्याला निःशस्त्र केलं आणि मग समोर कोण आहे ते सांगितलं, अशी हकिगत त्यांच्या चरित्रात आहे. हे चरित्र १६७८ मध्ये एका धर्मगुरूने लिहिलं, त्यामुळे त्यात भक्तिभाव भरपूर. पण बाई, त्यांचा वाडा आणि त्यांची लढाई यांबद्दल शंका नाही. फावल्या वेळात त्यांनी शोकांतिका नाटकंही लिहिली. तो फावला वेळ कुठून काढला, देव जाणे.

दुसरी ज्युली दोबिन्यी, ऊर्फ ला मोपँ. तिला वेगळा प्रश्न दिला आहे (प्रश्न ४).

तिसरी राजघराण्यातली: तेराव्या लुईची पुतणी आन-मारी-लुईज, जिला सगळे "ला ग्रांद मादम्वाझेल" म्हणत. तलवारबाज नव्हे, पण साहसकथेसाठी सोन्याची खाण. तिची हकिगत प्रश्न १२ मध्ये.

आणखी मागे जायचं तर १४७२ मधली झान आशेत. बोव्हे शहराला बर्गंडीच्या ड्यूकने वेढा घातला, तेव्हा हातात कुऱ्हाड घेऊन ती तटावर चढली आणि शत्रूचा ध्वज हिसकावून घेतला. राजाने बक्षीस दिलं ते फार सुंदर: त्या विजयाच्या वार्षिक मिरवणुकीत बायकांनी पुरुषांच्या पुढे चालायचं.

४. ला मोपँ कोण होती? तिच्याबद्दल इतकं काही ऐकलंय की खरं वाटत नाही.

जन्म १६७० च्या सुमारास. वडील गास्ताँ दोबिन्यी हे आर्मान्याकच्या सरदाराचे चिटणीस. हा सरदार म्हणजे राजाचा अश्वपती, तबेल्यांचा सगळ्यांत मोठा अधिकारी. तिथे सरदारघरची मुलं शागिर्द म्हणून ठेवलेली असत आणि त्यांना घोडेस्वारी, नाच, चित्रकला, तलवार असं सगळं शिकवलं जाई. गास्ताँने मुलीलाही त्यांच्याबरोबरच शिकवलं. ती बहुतेक वेळ मुलाच्या कपड्यांत वावरे.

लहान वयात मोपँ नावाच्या माणसाशी लग्न झालं. नवऱ्याला दक्षिणेत सरकारी नोकरी मिळाली, तो गेला, ही पॅरिसमध्येच राहिली. मग सेरान नावाच्या तलवारीच्या उस्तादाबरोबर ती मार्सेयच्या दिशेने पळाली. वाटेत दोघं खानावळींत तलवारीचे खेळ करत आणि ती गात असे. प्रेक्षकांतला एक जण म्हणाला, ही बाई असणं शक्यच नाही. तिने सदऱ्याची बटणं सोडून त्याची शंका फेडली, असं सांगतात. (मुलांना वाचून दाखवताना हे वाक्य गाळलं तरी चालेल.)

१६९० मध्ये तिने पॅरिसच्या ऑपेरात पाऊल ठेवलं, संगीतकार लुलीच्या एका ऑपेरात पल्लास देवीच्या भूमिकेत. आवाज खालच्या पट्टीतला आणि भरदार. त्या काळी फ्रेंच ऑपेरात बायकांच्या मुख्य भूमिका उंच पट्टीत लिहिल्या जात. १७०२ मध्ये संगीतकार कांप्राने "तांक्रेद" हा ऑपेरा लिहिला तो तिच्या गळ्याचा विचार करून, आणि तिची भूमिका कुठली, तर क्लोरँद या योद्ध्या स्त्रीची. म्हणजे राजधानीतल्या सगळ्यांत मोठ्या रंगमंचावर एक खरी तलवारबाज बाई तलवारबाज बाईचं काम करत होती. १७०५ मध्ये तिने रंगमंच सोडला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती गेली. चाळिशीही गाठली नाही.

तिचं प्रेम पुरुषांवरही होतं आणि बायकांवरही, आणि ते तिने लपवल्याचं दिसत नाही.

५. तिच्या गोष्टींतलं नेमकं किती खरं धरायचं?

तीन चाळण्या लावा. वडिलांची नोकरी, ऑपेरातल्या भूमिका, त्यांची सालं आणि तिच्या आवाजाचं कौतुक हे पक्कं, कारण त्याला त्याच काळातल्या नोंदी आहेत. शागिर्दांबरोबरचं शिक्षण, सेरानबरोबरची भटकंती आणि खानावळींतले खेळ हे शक्यतेतलं. तिचं कसब कुठून तरी आलं असणारच, आणि हा मार्ग पटण्यासारखा आहे.

तिसरी चाळण भडक किश्श्यांची. मठात ठेवलेल्या मैत्रिणीला सोडवायला तिने एका मृत जोगिणीचा देह मैत्रिणीच्या बिछान्यावर ठेवला आणि खोलीला आग लावली. राजवाड्यातल्या नाचाच्या रात्री एका तरुणीचं चुंबन घेतलं म्हणून तीन सरदार चवताळले, तेव्हा तिघांना बाहेर नेऊन लोळवलं. असे किस्से छापून पसरले ते तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, रंगभूमीवरच्या आठवणी आणि गप्पा गोळा करणाऱ्यांच्या हातून. एखाद्या किश्श्याच्या मुळाशी काही घडलंही असेल. पण तीनच सरदार, तिघंही हरलेले आणि परत आल्यावर हिचं नाचणं चालूच, हे जरा जास्तच जुळून येतं. मी ते गोष्ट म्हणून आनंदानं सांगते, इतिहास म्हणून नाही.

६. मुलींना तलवार शिकवायचं कोण? शाळा होत्या का?

पॅरिसमध्ये तलवारीच्या उस्तादांचा स्वतःचा संघ होता. उमेदवारी करायची, परीक्षा द्यायची, मगच शिकवण्याचा हक्क मिळे. चौदाव्या लुईने १६५६ मध्ये त्यांना खास सवलती दिल्या. वीस वर्षं काम केलेल्या सहा ज्येष्ठ उस्तादांना सरदारकी मिळण्याची सोय त्यात होती. या तालमी पुरुषांच्या. मुलगी तिथे सरळ जाऊन नाव नोंदवत नसे.

घरातून मात्र वाट होती. भावाला शिकवायला येणारा उस्ताद, सैन्यातून परतलेला बाप, शिकारीला जाणारं खानदान. घोडेस्वारी आणि शिकार तर मोठ्या घरच्या बायका सर्रास करत. नाच प्रत्येकीला शिकावाच लागे आणि पायांची ठेवण, तोल, पाठीचा ताठा या बाबतींत नाच आणि फ्रेंच तलवारबाजी सख्खी भावंडं आहेत. म्हणून कथेतल्या नायिकेचा बाप उस्ताद किंवा जुना सैनिक असला तर ते स्वस्तातलं वळण म्हणून हसू नका. ते तसंच घडत असे.

७. ती तलवार दिसते बारीक. मुलीला सहज पेलत असेल ना?

दिसण्यावर जाऊ नका. १६२०-३० च्या काळातली रॅपिअर, म्हणजे लांब, सरळ, टोकदार तलवार, एक मीटरहून लांब पात्याची आणि साधारण किलोभर वजनाची, कधी त्याहून थोडी जड. वजन मुठीकडे जास्त, त्यामुळे टोक झटकन फिरतं. पण हात लांबवून दहा मिनिटं धरा, खांदा बोलायला लागतो. डाव्या हातात बहुधा कट्यार असे, वार अडवायला. शतकाच्या उत्तरार्धात पातं आखूड आणि हलकं झालं, कट्यार गेली आणि दरबारी तलवार आली. ला मोपँच्या तरुणपणी हीच प्रचारात होती.

दोन्हींत मुख्य भर भोसकण्यावर. आपल्याकडची तलवार किंवा दांडपट्टा मुख्यतः कापतो. ही टोकाने बोलते. त्यामुळे ताकदीपेक्षा अंतर, वेळ आणि पाय महत्त्वाचे, आणि चपळ मुलगी धिप्पाड पुरुषाला हरवू शकते हे पटण्यासारखं आहे. मात्र एकाच वेळी सहा जणांना नाही. टोकाची तलवार एका वेळी एकाच दिशेला बघते.

८. नावात बंदूक आणि सिनेमात फक्त तलवार, असं का?

लढाईत ते बंदुकाच वापरत. पण तोड्याची बंदूक म्हणजे पेटती वात, दारू, गोळी, गज असा सगळा संसार, आणि एक बार काढून पुन्हा भरायला बराच वेळ. पडद्यावर ते कंटाळवाणं होतं. शिवाय शहरात फिरताना, भांडणात, द्वंद्वात कमरेची तलवारच हाताशी असे. कथा शहरात घडतात, वेढ्यात कमी, म्हणून तलवारी दिसतात.

९. द्वंद्वाला परवानगी होती का? सगळे तर ऊठसूट भांडताना दिसतात.

परवानगी नव्हती, तरीही सगळे ऊठसूट भांडत होते. तेराव्या लुईचा मुख्य मंत्री रिशल्यू याच्या काळात, १६२६ मध्ये, बंदी कडक झाली. मे १६२७ मध्ये मोंमोरांसी-बूतव्हिल या मोठ्या घराण्यातल्या तरुणाने पॅरिसच्या प्लास रॉयालमध्ये, म्हणजे आजच्या प्लास दे व्होजमध्ये, भर दिवसा द्वंद्व केलं. कायद्याला वाकुल्या दाखवायच्या म्हणूनच जागा तशी निवडली होती. सहा आठवड्यांत त्याचं आणि त्याच्या साथीदाराचं डोकं उडवलं गेलं. पुढे चौदाव्या लुईनेही नवे हुकूम काढले. भीती बसली, पण सवय पुरती मोडली नाही. लोक शहराबाहेर जात आणि "आम्ही फिरायला गेलो होतो, अचानक गाठ पडली" असं सांगत.

कथेत नायिका द्वंद्व करते तेव्हा खरा धोका प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीइतकाच दुसऱ्या दिवशी सकाळी दार ठोठावणाऱ्या शिपायांचा असतो. ज्या कथेत हे नसतं, ती अर्धी मजा घालवते. (ला मोपँबद्दल "द्वंद्वबंदी पुरुषांसाठी आहे, बायकांसाठी नाही, म्हणून राजाने तिला सोडलं" असा किस्सा फिरतो. तो प्रश्न ५ मधल्या तिसऱ्या चाळणीतला.)

१०. दार्तान्याँ खरा होता म्हणतात. त्याला मुलगी होती का?

होता. पूर्ण नाव शार्ल द बात्झ द कास्तेलमोर, जन्म १६११ च्या सुमारास गॅस्कनीतल्या ल्युपियाक गावाजवळ. चौदाव्या लुईच्या हुकमावरून त्याने ५ सप्टेंबर १६६१ रोजी अर्थमंत्री फूकेला अटक केली आणि पुढे बराच काळ त्याच्यावर पहारा ठेवला. या कामात तो इतक्या सभ्यपणे वागला की फूकेच्या मित्रांनीही त्याला नावं ठेवली नाहीत. मस्केटिअरांचं प्रत्यक्ष नेतृत्व त्याच्याकडे आलं १६६७ मध्ये. २५ जून १६७३ रोजी मास्त्रिख्तच्या वेढ्यात तो मारला गेला.

मूल म्हणून दोन मुलगे. मुलगी नाही. त्याची शूर लेक दाखवणाऱ्या सगळ्या कथा लेखकांच्या कल्पनेतल्या. १८४४ मध्ये अलेक्झांद्र द्यूमाने त्याला जगप्रसिद्ध केलं तेही काळाची मोडतोड करूनच: कादंबरीची सुरुवात १६२५ मधली, तेव्हा खरा दार्तान्याँ जेमतेम चौदा वर्षांचा पोर होता.

११. पुरुषाचे कपडे घालून कुणालाच कळत नाही, हे पटतं का?

दरबारात नाही. सैन्यात हो, बऱ्याच अंशी. भरतीला आजच्यासारखी वैद्यकीय तपासणी नव्हती, सैनिक कपड्यांतच झोपत, अंघोळ क्वचित आणि मिसरूड न फुटलेली पोरं भरपूर असत. कपडे बघून माणूस ओळखायची सवय इतकी पक्की होती की पायघोळ झगा नाही म्हणजे बाई नाही, असा हिशेब.

कायद्याचं म्हणाल तर बाईने पुरुषी कपडे घालणं चर्चला खटकत असे. १४३१ मध्ये झान दार्कवरच्या (जोन ऑफ आर्कवरच्या) आरोपांत तेही होतं. पण मादाम द सँ-बालमाँ घोड्यावर तशाच फिरत आणि कुणी त्यांना अडवल्याचं दिसत नाही. दर्जा आणि प्रसंग बघून डोळेझाक होत असे. गंमत म्हणजे पॅरिसमधला स्पष्ट नियम आला खूप नंतर: नोव्हेंबर १८०० मध्ये, विजार घालायची तर बाईने पोलिसांचा परवाना घ्यायचा. पुढे तो कुणी पाळेना. तरी आता तो लागू नाही, हे सरकारने जाहीर केलं २०१३ मध्ये.

१२. मला अशी कादंबरी लिहायची आहे. कुठलं साल निवडू?

हा प्रश्न आला की मला आनंद होतो, कारण यावर माझं मत पक्कं आहे: १६५२.

आधी बाकीचे पर्याय. १६२५ ते १६२८ मध्ये रिशल्यू आहे, ला रोशेलचा वेढा आहे, द्वंद्वबंदी आहे. पण ही वाट इतकी तुडवली गेली आहे की नवीन पाऊल दिसत नाही. १६३५ नंतरचं लॉरेन जबरदस्त, फक्त उपासमार आणि कत्तली इतक्या की घरातल्या लहानांसाठी जड. १६६१ मध्ये फूकेची अटक, त्याआधी १७ ऑगस्टला व्हो-ल-व्हिकाँतच्या वाड्यातली त्याची डोळे दिपवणारी मेजवानी; हेही चांगलं. १६८२ नंतर दरबार व्हर्सायला गेला, आणि तिथे साहसापेक्षा कुजबुज जास्त.

आता १६५२. फ्राँद नावाची बंडाळी शिगेला पोचलेली. राजा तेरा वर्षांचा. सरदार एकमेकांविरुद्ध, कोण कुणाच्या बाजूला हे आठवड्याला बदलतंय, आणि बऱ्याच दोऱ्या बायकांच्या हातात. मार्च महिन्यात ला ग्रांद मादम्वाझेल ऑर्लेआँच्या वेशीवर पोचली. नगराध्यक्ष दार उघडेनात. नदीवरच्या नावाड्यांनी एक जुना दरवाजा फोडला आणि राजघराण्यातल्या या बाईंना त्या भोकातून आत ओढून घेतलं. २ जुलैला पॅरिसच्या सँतांत्वान भागात लढाई जुंपली. तिचा नात्यातला, बंडखोरांचा सेनापती काँदे राजाच्या सैन्यासमोर कोंडीत सापडला, तेव्हा तिने बास्तीयच्या किल्ल्यावरच्या तोफा राजाच्याच सैन्यावर डागायला लावल्या आणि शहराचं दार उघडवून काँदेला आत घेतलं. वय पंचवीस. त्यापायी नंतर तिला काही वर्षं दरबाराबाहेर काढावी लागली. अशा बाईच्या दिमतीला तलवार चालवणारी एक धीट पोरगी असणं, यात अशक्य काहीच नाही.

एक सापळा सांभाळा. रिशल्यूनंतरचा मुख्य मंत्री माझारँ याने १६४६ मध्ये मस्केटिअरांची तुकडी मोडली होती आणि ती पुन्हा उभी राहिली १६५७ मध्ये. म्हणजे १६५२ मध्ये गणवेशातला मस्केटिअर दाखवता येत नाही. कितीतरी कथा नेमक्या इथे घसरतात. उलट बघाल तर हीच संधी: नोकरी गेलेला, जुना निळा झगा पेटीत जपून ठेवलेला बाप. मुलीला तलवार कुणी शिकवली हा प्रश्न त्यातच सुटतो (प्रश्न ६).

१३. रिशल्यू खरंच इतका दुष्ट होता का?

कठोर होता, कपटी होता आणि राज्य चालवण्यात हुशार होता. सरदारांची मस्ती उतरवणं हे त्याचं काम, आणि साहसकथा सरदारांच्या बाजूने सांगितल्या जातात, म्हणून तो खलनायक. फ्रेंच भाषेची अकादमी त्यानेच १६३५ मध्ये स्थापन केली. मांजरंही आवडत असत त्याला.

१४. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. या कथा वाचून दाखवाव्यात का?

मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या मस्केटिअरकथा खुशाल. मूळ पूर्ण कादंबरी बारा-तेरानंतर; त्यात विषप्रयोग, फाशी, विवाहबाह्य भानगडी सगळं आहे. झान आशेत आणि ऑर्लेआँचा दरवाजा या गोष्टी मात्र आठव्या वर्षी अगदी योग्य. ला मोपँचं बालपण आणि ऑपेरा सांगा, मधला भाग ती मोठी झाल्यावर स्वतः वाचेल.

१५. शाळेच्या गॅदरिंगमध्ये असं नाटक बसवतोय. तलवारी कुठल्या घ्यायच्या?

धातूच्या नकोत, बोथट असल्या तरी. हलक्या लाकडी पट्टीला किंवा पातळ पाइपला फोम गुंडाळून वर चंदेरी कागद, आणि टोकाला रबराची जाड गुंडी. टोक हा सगळ्यांत धोकादायक भाग, कारण मुलं भोसकण्याची नक्कल करतात आणि समोर डोळे असतात.

लढाई कधीही "करा तुम्हीच" म्हणून सोडू नका. नाचासारखी मोजणीवर बसवा: एकला वार, दोनला अडवणं, तीनला मागे. वार समोरच्याच्या अंगावर नाही, अंगाबाहेरच्या ठरलेल्या जागी. चेहऱ्याच्या उंचीवर काहीच नाही. दोघांतलं अंतर इतकं की हात पूर्ण लांबवला तरी टोक लागणार नाही. प्रेक्षकांना ते खालून कळत नाही. प्रत्येक वाराआधी दोघांनी एकमेकांकडे बघायचं. आधी अर्ध्या गतीनं तालीम, आणि प्रयोगातही पाऊण गतीच्या वर नाही. पोशाखात लेसची रुंद कॉलर, मोठी टोपी आणि निळा झगा एवढ्यात काम होतं. कुरळे लांब टोप नकोत; ते पुढच्या पिढीतले.

१६. हे खरोखर शिकायचं असेल तर?

आजचा फेन्सिंग हा खेळ याच परंपरेतून आलेला आहे आणि त्यातले हुकूम आजही फ्रेंचमध्येच दिले जातात. तीन शस्त्रं: फॉइल, एपे, सेबर. फॉइल कमाल ५०० ग्रॅम, एपे ७७० ग्रॅम. ऑलिंपिकमध्ये बायकांना फॉइल मिळालं १९२४ मध्ये, एपे १९९६ मध्ये आणि सेबर २००४ मध्ये. म्हणजे क्लोरँद रंगमंचावर आल्यानंतर सेबर हाती यायला तीनशे दोन वर्षं लागली.

भवानी देवी २०२१ मध्ये टोकियोत खेळली, ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय फेन्सर. पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली आणि दुसऱ्या फेरीत तिला हरवलं ते फ्रान्सच्या मानों ब्रुनेने. त्याच ब्रुनेने २०२४ मध्ये पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये सेबरचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं, तेही अंतिम फेरीत आपल्याच देशाच्या सारा बाल्झेला हरवून. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत तलवारबाजी आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी केली तर जवळचं केंद्र कळतं. मास्क आणि जाकीट याशिवाय सराव नको.

१७. त्या वेळी फ्रेंचांना मराठे माहीत होते का? दोघांचा कुठे संबंध येतो?

होते. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेला १६६८ मध्ये निघाली. कारे नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने या भागातून प्रवास केला आणि शिवाजी महाराजांबद्दल कौतुकाने लिहिलं. दार्तान्याँ मास्त्रिख्तला पडला, त्यानंतर वर्षभराच्या आतच रायगडावर राज्याभिषेक झाला. आणि १७०२ मध्ये ला मोपँ पॅरिसमध्ये योद्ध्या स्त्रीचं काम करत होती, तेव्हा इकडे ताराबाई औरंगजेबाविरुद्ध खरंच युद्ध चालवत होत्या. मराठ्यांच्या फिरंग तलवारींना युरोपातून आलेली सरळ पाती असत, पण ती वापरायची पद्धत आपली होती, कापण्याची. याहून पुढे संबंध ताणू नये.

१८. ग्रेनोबलला फिलीस द ला शार्सचा घोड्यावरचा पुतळा पाहिला. ती प्रश्न ३ मध्ये का नाही?

मुद्दामच नाही. १६९२ मध्ये सॅव्हॉयच्या ड्यूकने दोफिने प्रांतावर स्वारी केली, तेव्हा या सरदारकन्येने शेतकऱ्यांना गोळा करून घाटात शत्रूला रोखलं, अशी आख्यायिका आहे. बाई खरी. पण लढाईतले तपशील नंतर फुगवले गेले, असं इतिहासकार मानतात. पुतळा पाहावा, फोटो काढावा, मुलांना गोष्टही सांगावी. पुराव्यांच्या रांगेत मात्र मी सँ-बालमाँ बाईंना पुढे उभं करीन.

१९. शव्हालिए देओं बाई होती की पुरुष? तलवारबाज स्त्रियांत त्यांना धरायचं का?

देओं (१७२८ ते १८१०) यांनी आयुष्याचा पूर्वार्ध पुरुष म्हणून घालवला: सैनिक, राजदूत, राजाचे गुप्तहेर. १७७७ पासून ते स्त्री म्हणून राहिले आणि फ्रेंच राजाने तशी अधिकृत मान्यताही दिली. ९ एप्रिल १७८७ रोजी लंडनच्या कार्लटन हाउसमध्ये, प्रिन्स ऑफ वेल्ससमोर, झगा घालून त्यांनी शव्हालिए द सँ-झॉर्जशी तलवारीचा सामना केला. सँ-झॉर्जही काही कमी नव्हता: ग्वादलूप बेटावर गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, नामांकित तलवारबाज आणि व्हायोलिनवादक संगीतकार. मृत्यूनंतर देओं यांचं शरीर पुरुषाचं असल्याचा निर्वाळा डॉक्टरांनी दिला. त्यांनी स्वतः तेहतीस वर्षं स्त्री म्हणून काढली. मी त्यांना या यादीत धरते.

२०. म्हणजे फ्रान्सच्या सैन्यात उघडपणे बाई म्हणून कुणीच नव्हती का?

होत्या, पण मस्केटिअरांच्या काळानंतर. त्यांतली एक: तेरेझ फिग्यर, जन्म १७७४, दिजाँजवळची. क्रांतीच्या काळात ती ड्रॅगून घोडदळात लढली, ती बाई आहे हे सगळ्यांना माहीत असताना. एप्रिल १७९३ मध्ये सरकारने हुकूम काढून बायकांना सैन्यातून घरी पाठवलं. हिच्या वरिष्ठांनी हिला ठेवून घेतलं. नेपोलियनच्या लढायांतही ती होती, जखमी झाली, पकडली गेली, सुटली आणि म्हातारपणी तिच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या. ती गेली १८६१ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, पॅरिसमध्ये.